‘विषय संपला’ म्हणजे

आमच्या घरात एका शब्दाची सगळ्यांना धास्ती होती आणि तो शब्द होता ‘म्हणजे?’. पप्पा तो कधी रागानं उच्चारत नसत. हातातला घास हातातच धरून, चष्म्याच्या वरून बघत, अगदी शांतपणे विचारत. ते हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि त्यांचं शिकवणं शाळेच्या घंटेबरोबर थांबत नसे. नगरच्या सावेडीतल्या आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर एक ड्रायक्लीनरचं दुकान होतं, त्याच्या पाटीवरचा ऱ्हस्व इकार दीर्घ करून घ्यायला पप्पा इतक्या वेळा गेले होते की शेवटी त्या माणसानं पाटीच इंग्रजीत करून टाकली. पप्पांना त्याचं मनापासून वाईट वाटलं. ‘चुकलेली का असेना, मराठी तरी होती,’ असं ते बरेच दिवस म्हणत राहिले.

मी तेव्हा बारावीत होते, आणि बारावीतल्या मुलीच्या तोंडात जे शब्द असायचे ते सगळे माझ्या तोंडात होते. कॉलेजच्या जिन्यात, रिक्षात, फोनवरच्या ग्रुपमध्ये रोज एखादा नवा शब्द यायचा. आम्ही मुली एकमेकींना ‘भावा’ म्हणायचो. कंटाळवाणा माणूस ‘पकाऊ’, भन्नाट गोष्ट ‘वाढीव’, निघून जाणं म्हणजे ‘कल्टी’. बाहेर हे सगळं सहज चालायचं. घराचा उंबरा ओलांडताना मात्र चपलांबरोबर ते बाहेर काढून ठेवावं लागे, आणि मी नेमकी विसरायचे. एकदा परीक्षेहून आले आणि दारातूनच ओरडले, ‘मम्मी, आज पेपर फाडला!’ पप्पा वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, ‘म्हणजे? आणि पर्यवेक्षक काय करत होते?’ दुसऱ्यांदा ताईला म्हटलं, ‘तू लोड घेऊ नकोस,’ तर पप्पांनी ताईच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि कुठलं ओझं म्हणून चौकशी केली. मग मला प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगावा लागे, आणि अर्थ सांगायला बसलं की त्या शब्दातला जीवच जातो. गार झालेल्या भज्यासारखं होतं ते.

मम्मीला मात्र ते कधीही ‘म्हणजे?’ विचारत नसत. मम्मी राहुरीकडच्या खेड्यातली. लग्नाला इतकी वर्षं होऊन, शहरात राहून, शिक्षकाचा संसार करून तिचं ‘लई’ आणि ‘न्हाई’ जसंच्या तसं होतं. हिवाळ्यात ती हुलग्याची शेंगोळी करायची. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालून मळलेला गोळा, त्याची तळहातावर वळलेली वेटोळी, आणि ती शिजताना घरभर सुटणारा तो लसणाचा उग्र, खमंग वास. त्या वासावर मी एकदा म्हणाले, ‘मम्मी, शेंगोळी खतरनाक झालीत!’ पप्पांनी लगेच विचारलं, ‘म्हणजे खायची की नाही?’ मम्मी हसून म्हणाली, ‘लई चांगली झाल्यात म्हनती ती. खावा गुमान.’ त्या दिवशी मी पप्पांना विचारून टाकलं, की मम्मीचं ‘लई’ चालतं, मग माझं ‘खतरनाक’ का चालत नाही? ते म्हणाले, ‘तिची भाषा तिला तिच्या आईनं दिली. तुझी तू कुठून आणलीस?’ ते वाक्य मनात रुतून बसलं. माझी भाषा मला मैत्रिणींनी दिली होती. मैत्रिणींनी दिलेलं ते उसनं, असं का धरायचं?

आता मी स्वतः एका शाळेत शिकवते. परवा वर्गात एक मुलगी दुसरीला म्हणाली, ‘तू फुल डेलुलु आहेस.’ मी खडू हातात धरून, चष्म्याच्या वरून बघत विचारलं, ‘म्हणजे?’ सगळा वर्ग हसला. मुलीनं बिचारीनं अर्थ सांगितला, की जे होणार नाही ते होणारच असं धरून चालणारा माणूस. मला शब्द आवडला. ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी आमच्या घरात मी तशीच होते.

माझी ताई, रूथ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. शहरातल्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. हात इतका हलका, की सुई टोचल्यावर लोक विचारत, ‘घेतलं का?’ बोलायची कमी. शनिवारी संध्याकाळी रविवारच्या गाण्यांचा सराव आमच्या बाहेरच्या खोलीत व्हायचा. पप्पा पेटीवर बसायचे, चर्चमधले पाचसहा जण सतरंजीवर, आणि ताई खिडकीपाशी उभी राहून दुसरा सूर लावायची. सगळे पहिला सूर गात असताना तिचा तो खालचा, कलता आवाज ऐकू यायचा आणि गाण्याला एकदम खोली यायची. तिच्यासाठी आधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्हीकडचे लोक ‘कळवतो’ म्हणून उठले आणि त्यांनी कळवलं नाही. पप्पांना नकारापेक्षा न कळवण्याचा राग होता. ‘नाही हा साधा शब्द आहे,’ ते म्हणत. ‘तो उच्चारायला काय लागतं?’  ताई सकाळी डबा भरून, वेणी घट्ट घालून ड्युटीला जाई.

तिसरं स्थळ नेवाशाजवळच्या एका गावातून आलं. आणलं योहानमामांनी. हे मुलाचे मामा, आणि मम्मीच्या माहेरच्या ओळखीतले. मोठ्या आवाजाचा, मनानं पाण्यासारखा माणूस. एका रविवारी उपासनेनंतर ते मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन आले. वडील नव्हते, ते मुलाच्या लहानपणीच गेले होते. मम्मीनं शेंगपोळ्या केल्या होत्या. मुलाची आई म्हणाली, ‘लई ग्वाड झाल्यात वो, पर पोटात जागा न्हाई,’ आणि बोलता बोलता अजून एक घेतली. मला ती बाई तिथंच आवडली.

मुलाचं नाव संदेश. उन्हानं रापलेला, नवाकोरा शर्ट घालून अवघडलेला. पप्पांनी विचारलं, ‘काय करता?’

‘फुलं करतो, सर.’

‘म्हणजे?’

मी आणि ताईनं आतल्या खोलीतून एकमेकींकडे पाहिलं. संपलं, असं वाटलं. पण संदेश न अडखळता सांगू लागला, ‘पॉलिहाऊस हाय सर. त्यात जरबेरा. गुलाब अन् झेंडू उघड्यावर. गुलाब शिर्डीला जातो, हारवाल्यांकडं. जरबेरा इथं नगरला येतो, डेकोरेशनला.’ पप्पांनी चष्मा वर सरकवला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘फुलं करतो. ज्वारी करतो, कांदा करतो, तसं फुलं करतो. छान आहे.’ मला हायसं वाटलं.

मग दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं आणि सोबत म्हणून मला. मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे मोजल्यासारखं करत होते. ऐकू सगळं येत होतं. ताईनं विचारलं, माझी नोकरी चालेल का? तो म्हणाला, ‘चालंल की. नेवाशात दवाखाने हायेत. फक्त एक सांगतो, मला सुईची लई भीती वाटती.’ ताई हसली. ती नुसती ओठांनी हसली नाही, मान मागे टाकून हसली. तशी ती घरात फक्त माझ्याबरोबर हसायची. मग त्यानं तिला जरबेऱ्याचा दांडा कसा मऊ असतो, फूल जड झालं की कसा वाकतो, हे दोन बोटांनी हवेत करून दाखवलं, आणि ती ते एकाग्र होऊन बघत राहिली. खाली उतरताना तिनं माझा हात धरला होता. का, ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी, संध्याकाळी, मम्मी भाकरी थापत होती आणि आम्ही जेवायला बसायच्या बेतात होतो, तेव्हा पप्पांचा फोन वाजला. मामा होते. पप्पा नुसतं ‘बरं, बरं’ म्हणत होते. मग म्हणाले, ‘नाही हो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता. कळवलंत, आभारी आहे.’ त्यांनी फोन खाली ठेवला आणि आमच्याकडे न बघता सांगितलं, ‘मुलानं नाही म्हटलं. विषय संपला म्हणाला.’

परातीवरचा मम्मीचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा ताईच उठली, भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘ठीक आहे ना. वाढते मी.’

माझ्या डोक्यात मात्र भलतंच काही वाजलं होतं. मी विचारलं, ‘पप्पा, नेमकं काय म्हणाला तो? हे शब्द त्याचे की मामांचे?’

‘त्याचेच. मामांनी त्याला फोनवर विचारलं, मुलगी कशी वाटली? तर म्हणाला, विषय संपला.’

‘अहो पप्पा, पण त्याचा अर्थ...’

‘रिबू, गप्प बस,’ ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिनं असं मला कधी म्हटलं नव्हतं.  त्या आठवड्यात शनिवारच्या सरावाला ती डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहिली. पेटी वाजत होती, सगळे गात होते आणि गाणं पाटासारखं सपाट लागत होतं. पप्पांनी मध्येच भाता थांबवला आणि आतल्या दाराकडे पाहिलं. मग पुन्हा सुरू केलं.

रविवारी दुपारी ताई ड्युटीला गेल्यावर मी पप्पांसमोर जाऊन बसले. ते पेटीच्या पट्ट्या फडक्यानं पुसत होते. मी म्हटलं, ‘पप्पा, तुम्ही मला नेहमी अर्थ विचारता. आज न विचारता सांगते. आमच्यात ‘विषय संपला’ म्हणजे नकार नसतो. एखादी गोष्ट इतकी भारी आहे, की तिच्यापुढे बोलण्यासारखं काही उरतच नाही, तेव्हा म्हणतात विषय संपला. कशी वाटली? विषय संपला. म्हणजे आता दुसरं काही विचारूच नका, अशी.’

‘संपणे या क्रियापदाला असा अर्थ नाही,’ पप्पा म्हणाले.

‘कोशात नसेल. पोरांच्या तोंडी आहे.’

‘आणि मामांना नाही कळला?’

‘मामा तुमच्या वयाचे आहेत, पप्पा.’

ते पट्ट्या पुसत राहिले. मला पुरावा पाहिजे होता, आणि एकदम आठवला. मी म्हटलं, ‘नाताळच्या आधी चर्चमध्ये तुम्ही शेवटचं कडवं एकट्यानं म्हटलंत ना, तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरांनी काय म्हटलं माहीत आहे? सरांचा आवाज म्हणजे विषय संपला, असं म्हणाले.’

फडकं थांबलं.  मग हळू म्हणाले, ‘ते मी ऐकलं होतं.’

‘मग?’

‘मला वाटलं, आता आवाज संपला, असं म्हणताहेत. खरंच आहे, वय झालं, असं वाटलं. तेव्हापासून ते कडवं मी सगळ्यांबरोबर घेतो.’

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या पप्पांना, सगळ्या गावाची शुद्धलेखनं तपासणाऱ्या माणसाला, कौतुक निंदेसारखं लागलं होतं आणि त्यांनी ते कुणाला न सांगता गिळलं होतं. ‘ती पोरं तुमच्यावर जीव टाकतात, पप्पा,’ मी म्हटलं. ‘त्यांच्याकडे याहून मोठा शब्दच नाही.’ त्यांनी चष्मा काढला, तो त्याच पेटीच्या फडक्यानं पुसला आणि पुन्हा घातला. मग मला विचारलं, ‘म्हणजे?’ आणि मी पाहिलं, त्यांना यावेळी खरोखरच अर्थ हवा होता. ‘म्हणजे तो मुलगा हो म्हणत असेल?’

‘असेल. मला तसंच वाटतं.’

स्वयंपाकघरातून मम्मी पदराला हात पुसत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. पप्पा म्हणाले, ‘पण नकार आल्यावर मुलीकडच्यांनी पुन्हा जायचं म्हणजे... रूथला कळलं तर तिला ते लाचारीचं वाटेल.’ मम्मी म्हणाली, ‘तिला सांगू नगा. तुमी दोघं जाऊन या. न्हाई म्हनला तर च्या पिऊन माघारी या. लेकीच्या बापानं च्या पिला म्हनून काय बिघडत न्हाई.’ मी म्हटलं, फोन करू का? पप्पा म्हणाले, ‘फोननंच तर घोटाळा झालाय. समोर बसून विचारू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ड्युटीला गेली आणि आम्ही नेवाशाच्या एसटीत बसलो. पप्पांनी शाळेत रजा टाकली होती. रजा टाकणारा माणूसच नव्हे तो. एसटीत ते खिडकीबाहेर उसाकडे बघत बसले आणि मधूनच मला काहीबाही विचारू लागले. ‘आणि ते विषय हार्ड, त्याचा अर्थ वेगळा?’ मी सांगितलं, तेही कौतुकच. ‘आणि वाढीव?’ तेही सांगितलं. ‘चांगल्या अर्थी की वाईट?’ मी म्हटलं, दोन्ही, आवाजावर असतं. ‘आवाजावर,’ ते म्हणाले, आणि बराच वेळ तोच शब्द घोळवत राहिले. आजवर मी त्यांच्यासमोर अर्थ सांगताना आरोपीसारखी उभी असायचे. त्या दिवशी एसटीच्या खडखडाटात ते माझ्याकडे कान करून बसले होते आणि मी सांगत होते. मी मोठी झाले ती बहुधा त्याच प्रवासात कुठंतरी.

नेवासा फाट्यावर मामा मोटारसायकल घेऊन आले होते. फुलं बघायला येतोय, एवढंच पप्पांनी त्यांना कळवलं होतं. मामा इतके खजील, की वाटभर आमच्याशी नजर भिडवेनात. तिघं एकाच गाडीवर बसून, खड्डे चुकवत, आम्ही मळ्यात पोचलो. पांढऱ्या प्लास्टिकचं ते उंच पॉलिहाऊस उन्हात लखलखत होतं. आत शिरताच दमट गरमी अंगावर आली आणि समोर लाल, पिवळ्या, केशरी जरबेऱ्याच्या ओळी. संदेश बादलीत तोडलेल्या फुलांचे दांडे बुडवत होता. आम्हाला बघून तो उभा राहिला, ओले हात पँटला पुसले आणि नमस्कार करायचंच विसरला.

पप्पांनी सरळ मुद्द्याला हात घातला. वर्गात उभे असल्यासारखे, हात मागे बांधून, म्हणाले, ‘संदेश, रूथविषयी मामांनी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही ‘विषय संपला’ असं म्हणालात. या वाक्यातून तुम्हाला काय सांगायचं होतं?’

संदेशनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात पप्पांनी हात वर करून मला थांबवलं. ‘त्यांना सांगू दे.’

तो मान खाली घालून, पण स्वच्छ आवाजात म्हणाला, ‘सर, म्हनजे आता दुसरी पोरगी बघायची न्हाई, असं. ह्या जन्मात तरी न्हाई.’

पॉलिहाऊसमध्ये नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग मामांनी आपल्याच कपाळावर हात मारला. ‘आरं मंग नीट सांगायचं न्हाई व्हय! म्या सरांना न्हाईचा निरोप दिला की रं!’

‘न्हाईचा?’ संदेशचा चेहरा पांढरा पडला. ‘मामा, मी तर खुश होऊन बोल्लो!’

‘तू फुलांच्या टेम्पोत बसलेला, त्या आवाजात फोनवर खुशी कळती व्हय?’

‘मी इकडं रोज वाट बघतोय,’ तो पप्पांना म्हणाला. ‘काय निरोप येईना. आईला म्हनलं, आपलं घर पसंत पडलं नसंल त्यांना. बरोबर हाय, शिकलेली मानसं हायेत.’ आवाज ऐकून त्याची आई घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. काय घडलं ते मामांनी सांगितल्यावर ती मटकन खाली बांधावर बसली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. हसता हसता डोळे पुसू लागली. मीही हसत होते. पप्पा तेवढे गंभीर होते.

‘हे तुमचं झालं,’ ते म्हणाले. ‘पण रूथला आठवडाभर वाटतंय, की तुम्ही तिला नाकारलं. आता तिचं मन काय आहे, मला ठाऊक नाही. तिला विचारावं लागेल.’ त्यांनी खिशातून फोन काढला, ताईचा नंबर लावला, एक क्षण कानाशी धरला आणि घंटी वाजत असतानाच तो माझ्या हातात दिला. ‘तू सांग,’ म्हणाले. ‘माझ्याच्यानं व्हायचं नाही.’

मी फोन घेतला. पलीकडे लॅबमधला गलका, कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं. मी म्हटलं, ‘ताई, तो नाही म्हणालाच नव्हता. मामांना उलटं कळलं.’

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. गलका कमी झाला.

‘कुठे आहेस तू?’ शेवटी तिनं विचारलं.

‘त्याच्या पॉलिहाऊसमध्ये.’

‘आणि पप्पा?’

‘तेपण इथंच आहेत.’

 मला भीती वाटली, आता ती चिडणार. पप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, संदेशची आई बघत होती, संदेश हातातल्या फुलाकडे बघत होता. मग ताई म्हणाली, ‘त्याला फोन दे.’

मी दिला. त्यानं हात पुन्हा एकदा शर्टला पुसला, फोन दोन्ही हातांनी धरला आणि बोलत बोलत ओळीच्या पार टोकाला गेला. पप्पांनी मुद्दाम त्याच्याकडे पाठ केली आणि समोरच्या एका पिवळ्या जरबेऱ्याकडे इतकं टक लावून बघू लागले, की मामांना वाटलं, सरांना फुलांची फार आवड दिसते, आणि त्यांनी त्या जातीचं खत, पाणी, कीड सगळं सांगायला सुरुवात केली. पप्पांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.